स्टोनहेंजपासून म्हसोबापर्यंत: विकिपीडियावर पुरातत्त्व आणि जुन्या धर्मांविषयी लिहायला लागताना

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तो लिहिणारे सगळे स्वयंसेवक आहेत. मानधन कुणालाच नाही. पुण्याला कोशाचं काम नवं नाही. केतकरांनी ज्ञानकोशाचा संसार याच शहरात मांडला, महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोशही इथलाच. त्यामुळे इथल्या वाचत्या माणसाने संध्याकाळचा तासभर या कामाला द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

हा लेख दोन विषयांवर लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. एक पुरातत्त्व. दुसरा पेगन धर्म, म्हणजे ख्रिस्ती धर्म पसरण्याआधीचे युरोपातले अनेक देवतांचे धर्म आणि विसाव्या शतकात त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन उभे राहिलेले विक्का, ड्रुइड, आउसात्रू (जुन्या नॉर्स देवतांना मानणारा) यांसारखे पंथ. आपल्याकडच्या लोकदैवतांची पानंही यातच धरा. मूर्ती किंवा दगड गप्प असतो आणि त्याच्या वतीने बोलणारे पुष्कळ असतात, ही अडचण सगळीकडे एकच आहे.

पहिली पायरी: खातं आणि धूळपाटी

खातं उघडा. खरं नाव देण्याची सक्ती नाही, टोपणनाव चालतं. संस्थेच्या किंवा देवस्थानाच्या नावाने मात्र खातं काढू नका. मग स्वतःच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, सराव करा: मथळा देणं, दुवा जोडणं, संदर्भ टाकणं. एवढं जमलं की एखाद्या तयार पानावरचं चुकलेलं शुद्धलेखन सुधारा, तुटका संदर्भ नीट करा. प्रत्येक बदल जतन करताना काय केलं ते एका ओळीत लिहा. मागून येणाऱ्याला तुमचा हेतू त्या ओळीवरूनच कळतो.

दुसरी पायरी: विषय लहान घ्या

‘पेगन धर्म’ किंवा ‘भारतीय पुरातत्त्व’ असं अवाढव्य पान हाती घेतलं की ते अर्धवट पडतं. त्यापेक्षा इनामगाव घ्या, इंग्लंडमधलं जहाजदफनाचं ठिकाण सटन हू घ्या, आउसात्रू घ्या. आधी शोधपेटीत वेगवेगळ्या लेखनाने पाहा. इंग्लंडमधल्या एकाच प्राचीन दगडी वर्तुळासाठी स्टोनहेंज, स्टोनहेन्ज, स्टोन हेंज अशी तीन पानं तीन जणांनी सुरू करण्यात अर्थ नाही. एक नाव ठरवावं आणि बाकीच्या लेखनांवरून त्या पानाकडे पुनर्निर्देशन करावं.

विषयाला स्वतंत्र पान हवं की नको याची कसोटी सोपी आहे. त्या जागेविषयी तिच्याशी हितसंबंध नसलेल्या अभ्यासकांनी सविस्तर लिहिलं आहे का? गावच्या वेशीवरच्या म्हसोबावर कुणीच काही छापलं नसेल, तर त्याचं वेगळं पान होणार नाही. म्हसोबा या दैवताच्या पानासाठी मात्र भरपूर लेखन उपलब्ध आहे.

तिसरी पायरी: ग्रंथालय गाठा

पुण्यात राहून फक्त इंटरनेटवर विसंबून पुरातत्त्वावर लिहायचं, हे मला पटत नाही. येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. १८२१ साली सुरू झालेल्या या संस्थेला १९३९ मध्ये संशोधन संस्थेचं रूप मिळालं आणि हसमुख सांकलियांनी तिथे पुरातत्त्वाची शाखा उभी केली. महाराष्ट्रातल्या अनेक महत्त्वाच्या उत्खननांचे अहवाल तिथून निघाले. लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे, ती १९१७ ची. सदाशिव पेठेत १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. पुस्तकं पाहण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. आधी फोन करा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि काय शोधताय ते ग्रंथपालांना स्पष्ट सांगा.

संदर्भाचा क्रम डोक्यात पक्का असू द्या. उत्खननाचा मूळ अहवाल सर्वांत वर. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वार्षिक आढावा १९५३-५४ पासूनचा आहे, त्यात मोहिमेची थोडक्यात नोंद सापडते. त्यानंतर तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध, मग अभ्यासकांची पुस्तकं. वर्तमानपत्रातली बातमी शोध लागल्याची तारीख सांगायला चालते, शोधाचा अर्थ सांगायला चालत नाही. ‘दहा हजार वर्षांपूर्वीची संस्कृती सापडली’ असा मथळा दिसला तर त्यामागचा निबंध मिळेपर्यंत थांबा.

इंग्रजी अमदानीतली गॅझेटिअर मोठा खजिना आहेत. पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ चा, तीन भागांत आहे. त्यातल्या गावदेवतांच्या नोंदी आज दुसरीकडे मिळणार नाहीत. पण जातींविषयी आणि लोकांच्या पूजेविषयी त्यात जी तुच्छतेची भाषा आहे, ती आपल्या पानावर उतरता कामा नये. माहिती घ्या, वर्ष सांगा, शेरे तिथेच सोडा.

चौथी पायरी: तीन गोष्टी तीन वाक्यांत

नवख्याने बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी एवढं ठेवावं. काय सापडलं, अभ्यासक त्याचा काय अर्थ लावतात आणि मानणारे काय मानतात, या तीन गोष्टी कधीही एका वाक्यात कोंबू नयेत.

कार्ल्याचं उदाहरण घ्या. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात ब्राह्मी लिपीतला प्राकृत शिलालेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने जंबुद्वीपात उत्तम असं हे शैलगृह पूर्ण केलं, असं त्यात म्हटलं आहे. ही सापडलेली गोष्ट. चैत्यगृहाचा काळ साधारण दोन हजार वर्षांमागचा, हे लिपी, दात्यांची नावं आणि शिल्पशैली यांवरून अभ्यासकांनी काढलेलं अनुमान. दाराशीच एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी, आगरी आणि इतर अनेक समाजांची ती कुलदेवता. पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधलं, अशी कथा भाविक सांगतात. ही तिसरी गोष्ट. तिन्ही पानावर हव्यात. कथा गाळली तर आज त्या जागी लाखो माणसं कशासाठी जातात ते कळणार नाही. कथेला शिलालेखाच्या पंगतीत बसवलं तर पान विश्वासाचं राहणार नाही.

आता जरा अवघड उदाहरण. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि इ.स.पू. १६०० ते ७०० या दरम्यानची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीचं पात्र, शीर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होतं, म्हणजे काडीने दोन्ही जोडता येत. इथपर्यंत वस्तू. पुरातत्त्वज्ञ मधुकर धवलीकरांनी या मूर्तीचा संबंध शीरहीन मातृदेवतेच्या परंपरेशी जोडला. हा अर्थ वजनदार आहे, पण अर्थच आहे. म्हणून पानावर ‘इनामगावचे लोक मातृदेवतेची पूजा करत’ असं सरळ विधान येऊ नये. ‘धवलीकरांच्या मते ही मूर्ती मातृदेवतेची असावी’ असं लिहून पुस्तकाचा पृष्ठक्रमांक द्यावा. वाचकाला पुढे काय मानायचं ते त्याचं तो ठरवेल.

तुर्कस्तानातल्या चातालह्योयुक इथेही हेच घडलं. १९६१ पासून जेम्स मेलार्ट यांनी तिथे उत्खनन केलं आणि मिळालेल्या स्त्रीमूर्तींवरून महादेवीच्या पूजेचं चित्र उभं केलं. १९९० च्या दशकात इयन हॉडर यांच्या मोहिमेने पुन्हा काम सुरू केलं, तेव्हा त्या चित्राविषयी गंभीर शंका पुढे आल्या. आजही देवीपंथाचे अनेक अनुयायी तिथे श्रद्धेने जातात. तीन वाक्यं, तीन संदर्भ.

स्टोनहेंजवर लिहिताना ‘ड्रुइडांचं मंदिर’ हा शब्दप्रयोग कुणीतरी हमखास घालतं. तिथला मातीचा वर्तुळाकार बांध इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा, तर मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या आसपास उभे राहिले. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित. त्यांचे लेखी उल्लेख येतात त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. हा संबंध सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने सुचवला आणि अठराव्या शतकात विल्यम स्टुकलीने लोकप्रिय केला. तरीही आधुनिक ड्रुइड उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी पहाटे तिथे जमतात, त्यांच्यासाठी ती जागा पवित्र आहे. ड्रुइडांनी ती बांधली नाही, हे सांगितल्याने त्यांच्या आजच्या श्रद्धेचा अनादर होत नाही.

कोशात अर्थ आणि पुरावा यांची सरमिसळ झाली की काय होतं, याचं मोठं उदाहरण मार्गारेट मरे यांचं आहे. त्या इजिप्तच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक. युरोपात ज्यांना चेटकिणी ठरवून मारलं गेलं ते लोक खरं तर एका जुन्या पेगन धर्माचे अनुयायी होते, असा सिद्धान्त त्यांनी १९२१ मध्ये मांडला. १९२९ च्या ब्रिटानिका विश्वकोशातली चेटूकविषयक नोंद त्यांनीच लिहिली आणि आपला सिद्धान्त तिथे वस्तुस्थिती म्हणून दिला. ती नोंद अनेक दशकं छापली गेली. इतिहासकारांनी पुढे तो सिद्धान्त फेटाळला, पण तोवर सामान्य वाचकाने तो खरा धरला होता. जेरल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये विक्का पंथ पुस्तकातून जगापुढे आणला, त्या पुस्तकाला प्रस्तावना मरे यांचीच. कोशातला एक परिच्छेद इतक्या दूर पोचतो.

‘असे मानले जाते’ हे वाक्य काढा

मराठी पानांवर हे वाक्य फार दिसतं. कोण मानतं? भाविक, गुरव, पुरातत्त्वज्ञ की पानाचा लेखक? जिथे हे वाक्य येईल तिथे कर्ता घाला. ‘जेजुरीचे भाविक मानतात’, ‘दा. ध. कोसंबी यांच्या मते’, ‘रा. चिं. ढेरे यांनी दाखवले आहे’. कर्ता सापडत नसेल तर वाक्य खोडा.

इतिहासकार कोसंबी पुण्याचेच. त्यांनी शहराभोवतीच्या टेकड्या आणि जुन्या वाटा पायी धुंडाळल्या. गावदेवतांची ठाणी आणि अश्मयुगीन सूक्ष्मास्त्रं (दगडाची बारीक हत्यारं) सापडण्याच्या जागा यांचा मेळ बसतो, असं त्यांनी मांडलं. म्हसोबा हा मूळचा महिषासुर, हेही त्यांचं मत. दोन्ही विधानं पानावर जरूर यावीत, पण त्यांच्या नावासकट.

पाचवी पायरी: तारखा आणि मतभेद

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि दगडी हत्यारं मिळाली. राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे, असं काही संशोधक म्हणतात. काहींच्या मापनानुसार ती सहा लाख वर्षांहून जुनी आहे. एवढं अंतर पाहून नवा संपादक मधला आकडा टाकायला जातो किंवा आवडलेला ठेवून दुसरा खोडतो. तसं करू नका. दोन्ही बाजू, दोन्ही मापनपद्धती, दोन्ही निबंध द्या.

प्रवरा नदीकाठच्या दायमाबादच्या धातूच्या चार वस्तूंचंही तसंच. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा १९७४ मध्ये शेतकऱ्याला मिळाले. ते उत्खननातल्या थरातून निघालेले नाहीत, म्हणून काळ वादाचा. अनेक अभ्यासक त्या उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या मानतात. धातूत आर्सेनिकचं प्रमाण जास्त असल्याने पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी त्यांच्या प्राचीनतेवर शंका घेतली. वाद का आहे हेच अशा पानावरचं सर्वांत वाचनीय प्रकरण असतं, ते एका ओळीत संपवू नका.

एक तांत्रिक सूचना. अहवालात ‘३००० बीपी’ असं असेल तर ते इ.स.पू. ३००० नव्हे. बीपी म्हणजे ‘बिफोर प्रेझेंट’, आजच्या आधी. त्याची मोजणी १९५० सालापासून मागे होते, म्हणजे तो आकडा ढोबळमानाने इ.स.पू. १०५०. शिवाय कार्बन कालमापनाचे आकडे कॅलिब्रेट केलेले (प्रत्यक्ष वर्षांशी जुळवून घेतलेले) आहेत की नाहीत ते पाहा आणि पानावर तसं लिहा. ही चूक एकदा पानावर शिरली की शाळेच्या प्रकल्पांपर्यंत जाते.

सहावी पायरी: माणसांविषयी लिहिताय हे विसरू नका

पुरातत्त्वाच्या पानावरचे लोक हजारो वर्षांपूर्वीचे असले, तरी दैवताच्या पानावरचे लोक आज जिवंत आहेत. ‘अडाणी समजूत’, ‘भाकडकथा’ हे शब्द नकोत. ‘जागृत देवस्थान’, ‘नवसाला हमखास पावणारा’ हेही नकोत. बळी दिला जात असेल तर दिला जातो असं लिहा. कायद्याविषयी किंवा प्रथेला होणाऱ्या विरोधाविषयी संदर्भ असेल तर तेही लिहा. ‘श्री’, ‘परमपूज्य’ या उपाध्या विकिपीडियावर वापरत नाहीत. त्यामागे अनादर नाही, सगळ्यांना एकच नियम आहे.

विक्कावर लिहिताना विशेष जपा. आपल्याकडे चेटकीण ठरवून बायकांना छळल्याची प्रकरणं आजही घडतात, त्यामुळे त्या पंथाचं वर्णन चेटकाच्या भाषेत केलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच काही येईल. अनुयायी स्वतःला काय म्हणवतात, कोणते सण पाळतात, पंथ कधी आणि कुठे सुरू झाला हे साधेपणाने सांगा. आउसात्रूची आइसलँडमधली संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली, १९७३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. अशी ठोस माहिती असली की अद्भुताची फोडणी लागत नाही.

सातवी पायरी: फोटो, वीरगळ आणि जागेची गुप्तता

पुण्याच्या आसपास गावोगावी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य, अशी त्यांची साधारण रचना. कित्येक वीरगळ आज शेंदूर लावून म्हसोबा किंवा बहिरोबा म्हणून पुजले जातात. फोटो काढण्यासाठी शेंदूर खरवडू नका, दगड हलवू नका, पाणी ओतून घासू नका. गावकऱ्यांना विचारा, चपला काढा आणि आहे तसा फोटो घ्या. शेंदरासकट तो दगडच आजचा पुरावा आहे.

तुम्ही काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहात, मुक्त परवान्याने (कुणालाही वापरता येतील असे) चढवा. पुस्तकातले, अहवालातले किंवा दुसऱ्याच्या संकेतस्थळावरचे फोटो चालत नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार असतो. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या वास्तू आणि शिल्पांचे फोटो काढायला कायद्याने मुभा आहे. पाताळेश्वरासारख्या संरक्षित स्मारकात तिपाई लावायची तर आधी परवानगी घ्या.

फोटो टाकता येतो, पण ‘मी हा वीरगळ पाहिला आणि तो यादवकालीन आहे’ हे लेखात लिहिता येत नाही. ते तुमचं स्वतःचं संशोधन ठरतं. निरीक्षण चांगलं असेल तर एखाद्या अभ्यासकाला दाखवा किंवा संशोधनपत्रिकेत छापा. छापून आलं की दुसरा स्वयंसेवक ते लेखात आणू शकेल.

जिथे पहारा नाही, कुंपण नाही, अशा जागेचे अचूक अक्षांश-रेखांश देऊ नका. गुप्तधनाच्या नादाने पांढरीची (जुन्या वस्तीची) टेकाडं आणि जुनी देवळं खणणारे लोक आहेत. तालुका आणि गाव पुरेसं आहे. फोटोच्या फाईलमध्येही मोबाइल ठिकाण नोंदवतो, तेव्हा चढवण्याआधी ती नोंद काढा. खापर, मणी, नाणं दिसलं तरी उचलून घरी आणू नका. थरातून निघालेल्या वस्तूची निम्मी माहिती तिथेच राहते. पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा कायदा १८७८ पासून आहे.

आठवी पायरी: चौघांनी मिळून एक पान

अशा पानाला एकटा माणूस पुरत नाही. एकाने ग्रंथालयात बसून टिपणं काढावी, दुसऱ्याने लिहावं, तिसऱ्याने प्रत्येक संदर्भ मूळ पुस्तकात उघडून पाहावा, चौथ्याने फोटो आणि नकाशा पाहावा. तिसऱ्याचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं. ते काम पुस्तकाविषयी काहीच माहीत नसलेल्या माणसाला द्या, तो गृहीत धरून वाचत नाही.

इंग्रजी पानावरून भाषांतर करणार असाल तर सारांशात तसं नोंदवा, परवान्याची ती अट आहे. यंत्राने केलेलं भाषांतर जसंच्या तसं टाकू नका. एक परिच्छेद वाचा, मिटा आणि आईला सांगताय तसा मराठीत लिहा. संदर्भही डोळे झाकून उचलू नका. तुम्ही न पाहिलेलं पुस्तक तुमच्या पानावर संदर्भ म्हणून उभं राहता कामा नये.

मतभेद झाला तर त्या लेखाच्या चर्चा पानावर या, खाली सही करा आणि माणसाविषयी नव्हे, वाक्याविषयी बोला. ‘तुम्ही हिंदूद्वेष्टे आहात’ किंवा ‘तुम्ही अंधश्रद्धाळू आहात’ यातून पान पुढे सरकत नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदातल्या दुसऱ्या वाक्याला कोणत्या पानाचा आधार आहे?’ यातून सरकतं. तुमचा बदल कुणी उलटवला तर लगेच परत टाकू नका, कारण विचारा. तरीही सुटलं नाही तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर मांडा, तिथे जुने सदस्य आणि प्रचालक (व्यवस्था पाहणारे सदस्य) असतात. देवस्थानाचे विश्वस्त, उत्खननातले सहभागी किंवा त्या पंथाचे अनुयायी असाल तर चर्चा पानावर आधीच सांगा. तुमची माहिती हवीच आहे, फक्त लेखातला बदल दुसऱ्याच्या हातून होऊ द्या.

पान तयार झालं की ते आपल्या निरीक्षणसूचीत, म्हणजे नजर ठेवायच्या पानांच्या यादीत, घाला. यात्रेच्या दिवसांत दैवतांच्या पानांवर आणि नवी बातमी आली की उत्खननाच्या पानांवर घाईघाईने बदल होतात, त्या आठवड्यात रोज एकदा नजर टाका. चांगल्या हेतूने घातलेलं पण संदर्भ नसलेलं वाक्य दिसलं तर ते लेखातून उचलून चर्चा पानावर ठेवा आणि लिहिणाऱ्याला त्याच्या पानावर निरोप द्या. बऱ्याचदा पुस्तक त्याच्या घरात असतं, पृष्ठक्रमांक द्यायचं तेवढं राहिलेलं असतं.